साहेबांनी सुशी खायला बोलावलंय, कच्चा मासा पहिल्यांदाच, मदत करा!

मृण्मयी_वेंगुर्ला

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही तीन महिन्यांपूर्वी टोकियोला आलो, निशीकासाईत राहतो (पहिल्याच दिवशी लिफ्टमध्ये एका काकूंनी 'तुम्ही कोथरूडच्या का' विचारलं, असं आहे इथे). तर नवऱ्याच्या साहेबांनी पुढच्या शुक्रवारी आम्हा दोघांना सुशीच्या दुकानात बोलावलंय, काउंटरवर बसायचं आणि समोरचा आचारी एकेक घास करून पुढ्यात ठेवतो तसलं दुकान. सात वर्षांच्या मुलाला शेजारी ठेवायची सोय झालीय. प्रॉब्लेम माझाच आहे.

मी माशावरच वाढलेय. बांगडा, पेडवे, तारली, मोरी, काय म्हणाल ते, आणि कल्ले उघडून मासा कालचा की आजचा ते सांगू शकते. पण आमच्याकडे मासा ओलं खोबरं नि तिरफळाच्या कालवणात पडत नाही तोवर तो जेवण नसतो, गरीला लावायचं आमिष असतो. आणि नवऱ्याने नेमका कुठला तरी व्हिडिओ बघितला ज्यात माशातून पांढरा किडा काढतायत, तेव्हापासून तो रात्री पोटावर हात ठेवून झोपतोय.

त्यात परवा सुपरमार्केटात गेले. एकीकडे 'साबा' म्हणून आपल्या बांगड्याच्या थोरल्या भावासारखा मासा अर्धा करून ठेवलेला, आणि बाजूच्या फळीवर कापलेले तुकडे, खाली मुळ्याचा पांढराशुभ्र कीस, वर एक हिरवं पान. दोन्ही कच्चेच! मग एक शिजवायचा आणि एक तसाच खायचा हे कळतं कसं? साशिमी आणि सुशी यात नक्की फरक काय? आणि पहिल्यांदा खाणाऱ्याने सुरुवात कशाने करावी म्हणजे साहेबांसमोर तोंड वाकडं होणार नाही? नाही म्हटलं तर त्यांना राग येतो का?

पुढच्या महिन्यात सासूबाई येतायत, तो वेगळाच अध्याय आहे, पण आधी शुक्रवार निभावू दे.

निशीकासाईकर

ताई, एवढं टेन्शन नका घेऊ, इथे सोळा वर्षं झाली, जिवंत आहे.

सोपं आधी. साशिमी म्हणजे नुसते कच्च्या माशाचे काप. सुशी ओळखायची भातावरून, व्हिनेगर, मीठ, साखर लावलेला भात, त्यावर कच्चा मासा असेल, उकडलेली कोळंबी असेल, अंड्याचं ऑम्लेट असेल, सगळी सुशीच. म्हणजे काउंटरवर बसलात तरी प्रत्येक घास कच्चाच येईल असं मुळीच नाही.

नाही म्हटल्याचा राग येत नाही, फक्त आधी सांगा. 'नामामोनो वा निगाते देसु', म्हणजे कच्चं मला फारसं जमत नाही. हा 'निगाते' शब्द फार कामाचा आहे, त्यात आवडत नाही असं तोंडावर म्हणावं लागत नाही. मुद्दाम साहेबांना दोन दिवस आधी कळवा, ते दुकानात सांगून ठेवतील. ऐन वेळी आचाऱ्याने पुढे ठेवलेला घास परत करणं मात्र वाईट दिसतं.

आता पाकिटाचं, कारण त्यात मी स्वतः आपटलोय. कच्चं खायचं असेल तर 'साशिमी-यो' किंवा 'नामाशोकु-यो' लिहिलेलं असतं, शिजवायचं असेल तर 'कानेत्सु-यो'. माझ्या पहिल्याच थंडीत कालवं दिसली, दोन पाकिटं शेजारी शेजारी, एकात बारीक, एकात चांगली टपोरी नि वर स्वस्त. मी म्हटलं टपोरी ती ताजी. लिंबू पिळून डझनभर खाल्ली. पुढचे तीन दिवस मी आणि बाथरूम, ऑफिसला फोन करायला सुद्धा बायको. नंतर शेजारच्या आजीने समजावलं की कानेत्सु-यो म्हणजे शिळी नव्हे, ताजेपणाचा संबंधच नाही. कच्च्यासाठीची कालवं ठरवून दिलेल्या स्वच्छ समुद्रातली असतात किंवा निर्जंतुक केलेल्या पाण्यात ठेवून त्यांच्या पोटातलं निघू देतात, त्यात ती जरा रोडावतात. शिजवायची बऱ्याचदा खाडीच्या तोंडाजवळची, खाऊन पिऊन गुबगुबीत. चूक संपूर्ण माझीच, पाकिटावर लिहिलेलं होतं, मला वाचता येत नव्हतं.

कांजी म्हणजे जपानी चित्राक्षरं येत नसतील तर एक अक्षर पाठ करा, 'नामा'. नवरोबा 'नामा बिरू' (ड्राफ्ट बिअर) मागत असतील ना, त्या पाटीवरचं पहिलं अक्षर तेच. ते दिसलं की कच्चं खायचं, नाही दिसलं की तवा.

ओसाकाचा_ओंकार

काका, बाकी सगळं मान्य पण शेवटची दोन वाक्यं फार डेंजर आहेत, एडिट करा प्लीज!! 'नामा-झाके' असं लिहिलेला सॅल्मन प्रत्येक सुपरमार्केटात असतो, त्यातल्या नामाचा अर्थ फक्त 'खारवलेला किंवा फ्रोझन नाही' एवढाच, तो भाजायचाच मासा आहे. ताई, नुसतं नामा बघू नका, पूर्ण 'नामाशोकु-यो' किंवा 'साशिमी-यो' बघा, नसेल तर सरळ शिजवा. तुम्ही पाहिलेला साबा नक्कीच शिजवायचा होता.

निशीकासाईकर

ओंकार, बरोबर, माझीच चूक. एडिटची वेळ निघून गेलीय, ताई वरचं ते वाक्य खोडलंय असं समजा. सोळा वर्षांनी पण शिकतोय.

गाभोळी

मृण्मयी, तुझा धागा वाचून आमच्या आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मासो शिजयल्याशिवाय खाऊचो नाय, ता मांजराचा काम." विषय संपला तिच्यापुरता.

पण खरं सांगू का, हीच आई लहानपणी खडकावर कालवं काढायला जायची तेव्हा चार टोपलीत आणि एक तोंडात असं चालायचं, छोट्या कोयतीने शिंपला उघडायचा, समुद्राच्याच पाण्यात बुचकळायचं आणि गिळायचं. ते विचारलं की म्हणते "ता वेगळा." काय वेगळं ते सांगत नाही.

माझा प्रश्न जाणकारांना. मी रत्नागिरीत राहते, सकाळी सहाला बंदरावर जाऊन होडीतला मासा घेते, याहून ताजं तिकडे टोकियोत काय मिळणार? मग मी सुरमईची किंवा कुप्याची साशिमी घरी का करू नये? कुपा म्हणजे ट्यूनाच ना, इथे तर त्याला फारसं कोणी विचारत नाही.

घासफूस

एवढे सगळे किडे, जुलाब आणि व्यवस्थित लेबलं वाचून मग कच्चं खायचं, त्यापेक्षा वरणभात खा की. असो. कोणी शाकाहारी असेल तर 'कप्पा माकी' मागवा, आत फक्त काकडी असते. मी चार दिवसांच्या टूरमध्ये त्यावरच जगलो.

सूक्ष्मदर्शी

गाभोळीताई, करू नका. मी मत्स्यशास्त्रातलाच आहे, पगार यासाठीच मिळतो, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी मृण्मयीताईंच्या यजमानांचा किडा. त्याचं नाव अॅनिसाकिस, दोन-तीन सेंटिमीटरचा पांढरा दोरा. समुद्रातल्या माशाच्या पोटातल्या आतड्यांभोवती राहतो आणि मासा मेला की हळूहळू मांसात सरकतो, म्हणून मासा पकडल्याबरोबर पोट साफ करणं महत्त्वाचं. साबा, इका म्हणजे माकूळ, सान्मा, समुद्रात मोकळा वाढलेला (पाळलेला नव्हे) सॅल्मन हे त्याचे आवडते. जिवंत गिळला गेला तर काही तासांत पोटात भयंकर कळा, डॉक्टर दुर्बीण घालून चिमट्याने काढतात. व्हिनेगर, वासाबी, सोया, साके यातल्या कशानेही तो मरत नाही हे नीट ऐका, कारण 'शिमे-साबा' म्हणजे मीठ नि व्हिनेगरमध्ये मुरवलेला साबा खाऊनच पुष्कळ लोक अडकतात. तो मरतो दोनच गोष्टींनी, ६० अंशाला एक मिनिट किंवा उणे २० ला २४ तास गोठवून, हा जपानी सरकारचा नियम. अमेरिकेवाले सात दिवस सांगतात. घरचा फ्रीजर उणे १८ च्या आसपास असतो, त्याच्या भरवशावर राहू नका.

यात गंमत अशी की फुकुओकाचे लोक 'गोमा-साबा' म्हणून तोच साबा कच्चा, तीळ नि सोया घालून मजेत खातात आणि टोकियोवाले घाबरतात. दोघांचंही बरोबर आहे. जपानच्या समुद्राच्या त्या बाजूला अॅनिसाकिसची जी जात जास्त सापडते ती आतड्यातून मांसात फारशी सरकत नाही, पॅसिफिककडची सरकते.

आणि ट्यूना तुम्हाला वाटतो तसा 'ताजा' बऱ्याचदा नसतोच. लांब पल्ल्याच्या बोटींवर तो पकडल्या पकडल्या उणे ६० ला गोठवतात, महिनोन्महिने राहतो, रंग पण जात नाही.

आता रत्नागिरी. तुमचा मासा सहाला बंदरावर आला हे खरं, पण जाळ्यात मेला कधी? नंतर बर्फात होता की नुसता गोणपाटाखाली? बांगडा, सुरमई, कुपा ही सगळी एका कुळातली, यांच्या मांसात हिस्टिडिन भरपूर, उष्णतेत जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात आणि ते एकदा झालं की शिजवून पण जात नाही. तोंड लाल, डोकं ठणकतंय, अंगावर गांधी. पाणी जितकं गरम तितकं हे झपाट्याने होतं. वर विब्रिओ पॅराहिमोलिटिकस नावाचा जिवाणू आहे, त्याचा शोध पण जपानातच लागला, १९५० मध्ये ओसाकात वाळवलेल्या शिरासूने (माशांची बारीक पिल्लं) २७२ जण आजारी पडले, २० दगावले, त्यातून फुजिनो त्सुनेसाबुरो यांनी शोधला. उन्हाळ्यात समुद्राचं पाणी तापलं की तो वाढतो, नळाचं गोडं पाणी त्याला सोसत नाही, म्हणून तिकडे मासा आधी नळाखाली धुतात. तुमच्या आईंनी कालवं समुद्राच्याच पाण्यात बुचकळली तरी वाचल्या, नशीब.

आणि नदीतला मासा, रोहू कटला वगैरे, कच्चा कधीही नाही. त्यातले जंत वेगळे नि जास्त वाईट.

गाभोळी

बरं बाबा, नाही करत. आईला 'नशीब' वाचून दाखवलं, ती म्हणाली तुला कोणी विचारलं नव्हतं. :-)

ओसाकाचा_ओंकार

सूक्ष्मदर्शी सरांनी घाबरवून झालंय, आता मी जरा भूक लावतो. कॉलेजात असताना मी इथे एका इझाकायात (दारू नि खाण्याचं दुकान) दोन वर्षं पार्ट टाइम काम केलंय, मासे कापायला कधी दिले नाहीत पण भांडी घासता घासता सगळं बघितलं.

गाभोळीताईंनी विचारलं ना याहून ताजं काय, तर तिथेच गंमत आहे. चांगला मासा इथे जाळ्यात तडफडून मरू देत नाहीत. 'इकेजिमे' म्हणतात, डोळ्याच्या मागे मेंदूत एक टोचणी, मग कल्ल्याजवळ कापून रक्त काढायचं, आणि चांगला माणूस असेल तर पाठीच्या कण्यातून एक बारीक तार सारतो, मज्जारज्जू नष्ट व्हावा म्हणून. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मेलेल्या माशाच्या अंगातून तार जाताना रंग सरसर बदलत गेला, पोटात गोळाच आला माझ्या. पण त्यामुळे मासा उशिरा ताठतो, शक्ती तडफडण्यात जळून जात नाही आणि तीच पुढे मांसात मुरून चवीची होते. म्हणून 'ताई' किंवा 'हिरामे' नावाचा पांढरा मासा आमचे मालक त्याच दिवशी देत नसत, कापडात गुंडाळून एक दिवस ठेवत, म्हणायचे आज नुसता रबर आहे, उद्या मासा होईल.

सुरी पण वेगळी, यानागिबा, लांब आणि एकाच बाजूने धार. टाचेपासून टोकापर्यंत एकाच ओढीत काप, पुढेमागे करवतीसारखं नाही. मालक मला दोन तुकडे द्यायचे, एक त्यांच्या हातचा, एक नवीन पोराच्या हातचा, मासा तोच. जिभेवर ठेवला की एक गुळगुळीत आणि एक भुसभुशीत, शप्पथ.

आणि एदो काळात, म्हणजे दीडदोनशे वर्षांपूर्वी, फ्रीज नव्हता म्हणून सुशीवाल्यांनी जे जे केलं ते आजही काउंटरवर मिळतं, ट्यूना सोयात मुरवलेला 'झुके', कोहादा हा छोटा मासा मीठ-व्हिनेगरमध्ये, आनागो म्हणजे समुद्री वाम गोडसर शिजवलेली, कोळंबी उकडलेली. या सगळ्याला ते 'शिगोतो' म्हणतात, म्हणजे सरळ 'काम'. मासा कापून भातावर ठेवला तर आचाऱ्याने काम केलंच नाही असं जुने लोक बोलतात.

ताई, तुमच्या शुक्रवारसाठी: आधी सहसा पांढरे हलके मासे येतात, मग जड चरबीचे. ताई हाच पहिला आला तर बिनधास्त खा (मासा ताई, तुम्ही नव्हे), मासळीचा वास जवळजवळ नसतो. ट्यूनात 'आकामी' म्हणजे लाल भाग आधी घ्या, 'ओतोरो' म्हणजे पोटाचा चरबीचा भाग तुपासारखा विरघळतो, पहिल्यांदा जड होईल. त्या ओतोरोला एकेकाळी 'नेको-मातागी' म्हणत, मांजर पण ओलांडून जाईल असा! गाभोळीताई, तुमच्या कुप्याचे पण दिवस येतील. २०१९ च्या जानेवारीत टोकियोच्या तोयोसु मासळीबाजारातल्या पहिल्या लिलावात २७८ किलोचा एक ट्यूना ३३ कोटी ३६ लाख येनला गेला.

सॅल्मन खरं तर नवशिक्यांसाठी सगळ्यात सोपा पण जुन्या वळणाच्या दुकानात कदाचित मिळणार नाही. जपानी लोक सॅल्मन कच्चा खातच नव्हते, वर सरांनी सांगितलेल्या किड्यामुळेच. १९८५ च्या सुमारास नॉर्वेवाले आपला पाळलेला, गोळीखाद्यावर वाढवलेला सॅल्मन घेऊन आले, त्यात तो किडा जवळजवळ नसतो, आणि मग कुठे चालू झालं.

सोया भाताला नाही, माशाला लावा, नाहीतर भात वाटीत सांडतो. हाताने खाल्लं तरी चालतं. आणि चॉपस्टिकने चॉपस्टिकला घास देऊ नका कधीच, ते अंत्यविधीत अस्थी उचलताना करतात.

निशीकासाईकर

ओंकारने भारी लिहिलंय. एक भर, सासूबाईंसाठी. चिबाच्या किनाऱ्यावर 'नामेरो' मिळतं, आजी मासा (मुलाची आजी नव्हे, असा विनोद घरी करू नका, आजी हे माशाचं नाव आहे) मिसो, आलं, कांदापात घालून सुरीने ठेचतात, कोळी लोक होडीतच करायचे. तेच सारण थापून भाजलं की 'सांगायाकी', अगदी आपल्या माशाच्या वड्यासारखं. त्यांना कच्चं आहे असं कळायच्या आत भाजून द्या. आणि शिकोकूला कोचीत गेलात तर कात्सुओ तताकी, कात्सुओ म्हणजे कुप्याच्याच कुळातला मासा, भाताच्या पेंढ्याच्या जाळावर बाहेरून होरपळवतात, आत लालच, वर मीठ आणि कच्च्या लसणाचे जाड काप. मालवणी माणसाला याहून सोपी सुरुवात नाही.

मुलाला फिरत्या पट्ट्याच्या सुशीत न्या, 'साबी-नुकी' म्हणजे वासाबीशिवाय, तामागो म्हणजे अंड्याचं ऑम्लेट, उकडलेली कोळंबी, मका, खूश होईल. हल्ली बऱ्याच ठिकाणी पट्ट्यावर मोकळ्या ताटल्या फिरत नाहीत, स्क्रीनवर मागवायचं. इथले बरेच पालक तीन वर्षांच्या आतल्या पोराला कच्चा मासा देत नाहीत, तुमचा सातचा आहे, पण घाई कशाला.

घासफूस

'त्यांना कळायच्या आत भाजून द्या' हे वाक्य फ्रेम करून लावायला पाहिजे.

मृण्मयी_वेंगुर्ला

मंडळी, काल जाऊन आले, अपडेट द्यायला उशीर झाला सॉरी!

नवऱ्याने 'निगाते' ऑफिसात सांगितलं होतं, त्यामुळे आचाऱ्याने माझ्याकडे बघून पहिला घास उकडलेल्या कोळंबीचा ठेवला. दुसरा ताईचा. ओंकार, वास खरंच नाही, आणि काय सांगू, भात कोमट होता! मी थंडगार समजत होते. आचारी ओल्या हातात भात घ्यायचा, दोन बोटांनी वासाबी माशाच्या पोटाला पुसायचा आणि तीन हालचालीत पुढ्यात, हातातला घास ठेवला की एक कणभर खाली बसायचा, बघितलं मी. वासाबी पण ट्यूबमधली नव्हती, एका फळीवर ताणलेल्या शार्कच्या कातड्यावर गोल गोल किसत होता, आमच्या मोरीचं कातडं कोणी असं वापरेल असं वाटलं नव्हतं कधी.

झुके आवडला. आकामी आवडला. ओतोरो नवऱ्याने दोन खाल्ले, किडा विसरला. कोहादा नाही जमला, चव लोणच्यातल्या माशासारखी, गिळला कसाबसा. उनी म्हणून पिवळं काहीतरी आलं, ते मी साहेबांच्या मिसेसना 'निगाते' म्हणून हसून दाखवलं, त्यांनी आनंदाने घेतलं.

पण खरी गोष्ट शेवटी झाली. आनागोवर त्याने हिरवट पावडर भुरभुरली आणि तो वास आला तशी मी साहेब, मिसेस, सगळं विसरून मोठ्याने "तिरफळ!" म्हणाले. आचारी थांबला. मी परत म्हटलं तिरफळ, तो म्हणाला सान्शो. जीभ तशीच झिणझिणली, फक्त जरा लिंबाकडे झुकणारी. काय आहे हे सान्शो?

सूक्ष्मदर्शी

नाक चांगलं आहे तुमचं. तिरफळ आणि सान्शो एकाच वंशातली झाडं, झँथॉक्सिलम. चुलत भावंडंच म्हणा.

निशीकासाईकर

सुपरमार्केटात उनागीच्या (गोड्या पाण्यातली वाम) फळीजवळ छोट्या बाटल्या असतात. पावडर असते, अख्खं मे-जूनमध्ये हिरवं मिळतं थोडे दिवस.

गाभोळी

मग तो साबा घेऊन ये परत, खोबरं वाट, सान्शो टाक आणि शिजव. सासूबाईंना सांग बांगडा आहे.